दार बंद, तरी दिवा चालू

उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही कारच्या दाराच्या लॉकला बाधतात. दारं लावूनही ‘दार उघडे’चा दिवा जळत असेल, तर लॉकमधला स्विच तपासा. बहुतेक नव्या गाड्यांत तो लॉकच्या आतच असतो. दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॉकची जीभ बंद होईपर्यंत ढकला. दिवा विझला, तर दार नीट बसत नाही. न विझल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तरीही जळतो? दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतल्या वायरी हलवा. दिवा लुकलुकला, तर वायर तुटलेली असू शकते. नाहीतर स्विचला मल्टिमीटर लावा. जीभ उघड-बंद करूनही रीडिंग बदलत नसेल, तर स्विच गेला. तपासणीनंतर हँडल ओढून जीभ मोकळी करा, मगच दार लावा.