दिवाळं एकाचं, घर दोघांचं

समजा, भांडुपमध्ये भाड्याच्या वन-रूम किचनमध्ये एक जोडपं राहतंय. लग्न केलेलं नाही. त्याचे हप्ते थकलेत आणि ती विचारतेय, "माझ्या पगाराला हात लागेल का?"

नाही. कर्ज ज्याच्या सहीचं, त्याचंच. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असेल, तर वसुली तिच्याकडूनही होते. म्हणून आधी कागद काढा, सह्या बघा.

मग खाती वेगळी करा. जॉइंट खात्यात कुणाचे किती, हे सिद्ध करत बसावं लागतं. तिने घेतलेल्या फ्रिजचं बिलही जपून ठेवा.

आता बजेट. कोर्टाने त्याच्या पगारावर जप्ती आणली, तरी पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. म्हणजे 31,000 पगारातले 21,000 वाचतात. भाडं, वाणसामान, लाइटबिल, लोकलचा पास यांतला त्याचा वाटा तेवढ्यात बसवा.

अगदीच झेपेना, तर मुंबईत 1909 च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. पण त्याआधी बँकेशी बोला, हप्ते कमी करून मागा.

आणि एक करू नका: जुनं फेडायला तिच्या नावावर नवं कर्ज. घरात एक तरी पगार मोकळा राहू द्या!