ऐकू येते, पण समजत नाही



हंगामातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. स्लिपबॉय मोटारसायकल बंद न करताच बांधावरून ओरडतो, "आबाजी, सात तारखेला टोळी येते जी!" तोंडावर दुपट्टा. आबाजी मान हलवतात. त्यांच्या कानी पडलेले असते 'आठ'. सातला टोळी फडात उभी, घरचे कोणी हजर नाही. मग सारे म्हणतात, "बुढ्याचं लक्षच नसते!" पण दोष लक्षाचा नाही, कानाचा आहे, आणि थोडा दुपट्ट्याचाही.

वय झाले की बहुधा आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. आ, ओ हे स्वर भरदार, तर स, श, त ही व्यंजने बारीक. 'सात' मधला स गळला की उरते ते 'आठ' सारखेच. म्हणून म्हातारी माणसे सांगतात, "आवाज येते, पण शब्द समजत नाही."

ही तूट डोळे भरून काढतात. स म्हणताना दात जवळ येतात, आ म्हणताना तोंड उघडते. चेहरा दिसला असता तर आबाजी चुकले नसते. चांगल्या कानाचे लोकही नकळत ओठ वाचतात. १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनल्ड या संशोधकांनी आवाज 'बा' चा आणि चित्र 'गा' म्हणणाऱ्या तोंडाचे, असे एकत्र दाखवले. पुष्कळांना 'दा' ऐकू आले!

मात्र नुसत्या ओठांवर भागत नाही. आरशासमोर पान, बाण, मान म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ग तर घशाजवळच राहतात. उरलेले विषयावरून ताडावे लागते, आणि त्यात माणूस थकून जातो.

तेव्हा घरात, काट्यावर, आमसभेत एवढे पाळा. इंजिन बंद करा, दुपट्टा खाली घ्या, उजेडात समोर उभे राहा. ओरडू नका, ओरडल्याने तोंडाचा आकार बिघडतो. सावकाश बोला. विषय आधी सांगा. शब्द समजला नाही तर वाक्य बदलून सांगा. तारीख आणि वजन चिठ्ठीवर लिहून द्या.

हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेत आले. वर्दळ वाढली, गोंगाटही वाढला. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास सोसला तर कानाला कायमची इजा होऊ शकते. गिरणीखात्यात आणि ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांनी कानरक्षक वापरावेत.

घरात कोणी वारंवार "काय म्हणता जी?" विचारत असेल तर हसू नका. नागपूरच्या मेडिकलमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, तेथे तपासणी करून घ्या. कधी नुसता मळच निघतो, कधी श्रवणयंत्र लागते. लहान मूल हाकेला वळत नसेल तर एक दिवसही थांबू नका. उसाची पाळी हुकली तर पुन्हा लागते; मुलाचे बोलणे शिकण्याचे वय निघून गेले की परत येत नाही.