कोल्हापुरी चपलांची कस्टम्सवारी

मागच्या अंकात संपादकांनी घरबसल्या छोटा धंदा करणाऱ्यांना लिहिण्याचं आवाहन केलं होतं. ते वाचून सौ. म्हणाली, "आपली ती चपलांची फजिती लिहा. निदान दुसऱ्यांचे पैसे तरी वाचतील!" तेव्हा वाचकहो, ही त्या फजितीची आणि तिच्या निमित्ताने सापडलेल्या काही वेबसाइट्सची हकिकत.

२०२३ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल लावून अस्सल कोल्हापुरी चपला विकायच्या, असं सौ.ने ठरवलं. तिचं माहेर कोल्हापूर. धाकटा भाऊ तिथेच असतो आणि कारागीर त्याच्या ओळखीचे. ३०० जोड बनवून घेतले. न्हावाशेवाहून माल बोटीने निघाला, न्यू जर्सीच्या बंदरात उतरला आणि कस्टम्सने तो अडवला. कारण काय, तर एकाही चपलेवर 'मेड इन इंडिया' लिहिलेलं नव्हतं! मोठ्या खोक्यांवर होतं हो. पण ते शेवटच्या गिऱ्हाइकाला दिसायला हवं, असा इथला नियम आहे. तसं न करता माल सोडवला तर वर १० टक्के दंडवजा जकात.

त्यातून दुसरं प्रकरण निघालं. इन्व्हॉइसवर चामड्याच्या तळाच्या चपलांचा कोड होता, आणि तपासणीत तळ निघाला रबराचा. मी मेहुण्याला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "दाजी, तिकडं बर्फ पडतंय न्हवं? चामडं कुजंल म्हणून तळाला रबर मारून दिलं. चांगल्यासाठीच केलं की!" चांगल्यासाठीच केलं होतं, यात शंका नाही.

आमच्या कस्टम्स ब्रोकरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "आयातदार तुम्ही आहात." मला राग आला, पण त्याचं चुकलं नव्हतं. १९९३ च्या कायद्यापासून इथे योग्य कोड, किंमत आणि मूळ देश सांगण्याची जबाबदारी आयातदाराची आहे. ब्रोकर नेमला म्हणून ती टळत नाही. गणपतीचं विसर्जन झालं, त्या शनिवारी आम्ही दोघं गोदामात बसून ३०० जोडांवर शिक्के मारत होतो. साठवणुकीचं भाडं, जादा जकात आणि बाकीचे खर्च मिळून तेराशे डॉलर गेले. स्टॉल हुकला तो वेगळाच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कॉम्प्युटरसमोर ठिय्या मारला. आश्चर्य म्हणजे जे जे आम्हाला नडलं, ते सगळं सरकारी वेबसाइटवर फुकट वाचायला होतं.

पहिली वेबसाइट युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल ट्रेड कमिशनची. तिच्यावर हार्मोनाइज्ड टॅरिफ शेड्यूल, म्हणजे जकातीचं अख्खं पुस्तक आहे. त्यात ६४०३.२० हा कोड उघडला आणि मी खुर्चीतून उठलोच. वर्णन असं: तळ चामड्याचा, आणि वर चामड्याचे पट्टे, एक पायावरून आडवा जाणारा आणि एक अंगठ्याभोवतीचा. कोल्हापुरीचं वर्णन याहून वेगळं काय करणार? आणि मूळ जकात शून्य! तळ रबराचा केला की तीच चपल ६४०३.९९ मध्ये जाते. तिथे पुरुषांच्या साध्या चपलांना साडेआठ टक्के आणि बायकांच्या अडीच डॉलरवरच्या जोडाला १० टक्के. चामड्याच्या तळाला रबराचा तुकडा लावला तर काय? जमिनीला जो माल जास्त टेकतो, त्याचा तळ धरायचा, असं त्याच प्रकरणाच्या टिपेत लिहिलंय. म्हणजे टाचेखाली छोटासा तुकडा चालतो, पूर्ण पत्ता चालत नाही.

या कोडचे पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो, भारतात एकूण आठ होतात आणि इथे दहा. त्यामुळे लंडनच्या तुमच्या चुलतभावालाही हेच सहा आकडे ब्रिटिश सरकारच्या ट्रेड टॅरिफमध्ये शोधता येतील.

दुसरी वेबसाइट 'क्रॉस'. कस्टम्सने आजवर दिलेले निर्णय इथे शब्द टाकून शोधता येतात. 'सॅन्डल', 'लेदर', 'इंडिया' असं टाकलं की आपल्यासारख्याच कुणीतरी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं निघतात. मला तर कादंबरीसारखा नाद लागला होता! आपल्या मालाबद्दल शंका असेल तर माल मागवण्याआधी ऑनलाइन अर्ज करून लेखी निर्णय मागता येतो. फी नाही, उत्तर सहसा ३० दिवसांत येतं, आणि ते अमेरिकेच्या सगळ्या बंदरांवर बंधनकारक असतं. २०२४ च्या मालासाठी आम्ही तो आधी मागवला. मेहुण्याला बजावलं, "रबर अजिबात नको." माल एका दिवसात सुटला.

भारताच्या बाजूने निर्यातदाराला आयईसी नंबर लागतो. तो डीजीएफटीच्या वेबसाइटवर ५०० रुपयांत मिळतो. सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स याच कामाचे कित्येक पट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते आधी बघावं. तिथेच 'व्ह्यू एनी आयईसी' अशी सोय आहे. अनोळखी व्यापाऱ्याला ॲडव्हान्स पाठवण्याआधी त्याचा नंबर खरा आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, एवढ्याच जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. त्याची नोंदही सरकारी वेबसाइटवर बघता येते. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हापासून आमची गिऱ्हाइकंही हे विचारायला लागली.

मसाले, पापड, लोणची आणणाऱ्या भगिनींचं क्षेत्र वेगळं. त्यांनी एफडीएची वेबसाइट बघावी. कारखान्याची नोंदणी आणि माल पोचण्याआधीची सूचना, दोन्ही तिथेच करायच्या असतात. शिवाय कुठल्या उत्पादकाचा माल नाकारला गेला, त्याची यादीही तिथे असते. बी-बियाणं आणि फळं शेतीखात्याच्या अखत्यारीत येतात. हापूसला २००७ साली परवानगी मिळाली ती विकिरणाच्या अटीवरच. तेव्हा नातेवाइकांच्या बॅगेतून पेटी आणायचा विचार सोडा!

असो. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सर्वांत साधी आहे. कस्टम्सची 'सीएसएमएस' नावाची ईमेल सेवा फुकट आहे. जकातीत बदल झाला की पत्र येतं. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही ४०० जोडांची ऑर्डर दिली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला पत्र आलं: ७ तारखेपासून भारतीय मालावर जादा २५ टक्के. त्याआधी बोटीवर चढलेला आणि ५ ऑक्टोबरच्या आत इथे सोडवलेला माल तेवढा वगळला होता. आमच्या चपला अजून शिवायच्या होत्या. मग २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के चढले. हे जादा कर मूळ कोडसमोर दिसत नाहीत, त्याच पुस्तकाच्या ९९ व्या प्रकरणात असतात. शून्य बघून खूश होणाऱ्यांनी तिकडेही जावं. दर इथे छापत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेले असतील.

त्या रात्री मेहुण्याला फोन केला. १६० जोड शिवून तयार होते, बाकीचं चामडं आणून पडलं होतं.

"दाजी, कारागिरांना काय सांगू? त्यांनी दुसरं काम घेतलं न्हाई."

सौ.ने फोन हातात घेतला आणि सांगितलं, तयार १६० पाठव, बाकीच्या २४० ची निम्मी मजुरी आत्ताच देऊन टाक. १६० जोडांवर निम्म्या किमतीएवढी जकात भरली. स्टॉलवर भाव वाढवला, काही गिऱ्हाइकं कुरकुरली, पण माल खपला. तेव्हापासून दर रविवारी मेहुण्याचा मेसेज येतो, "दाजी, रेट बघितला काय?" आणि मी चहाचा कप घेऊन प्रकरण ९९ उघडतो.