एक गाठ हवा

मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटर उंच. इथली हवा दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोचा भार टाकते, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. चष्म्याच्या घरासाठी 17 बाय 10 सेंटिमीटरचं चामडं घ्या: त्यावर 170 किलो. जिनिंग-प्रेसिंगच्या या गावात 170 किलो म्हणजे काय ते सांगायला नको. रुईची एक अख्खी गाठ!

खालूनही हवा तेवढीच रेटते, म्हणून हा भार कळत नाही. खालची हवा काढली की तो कामाला लागतो. बारीक भोकं पाडलेली फळी, तिच्याखाली हवाबंद पोकळी, फळीवर लाकडी फर्मा, फर्म्यावर ओलं चामडं आणि सगळ्यांवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर, कडेने घट्ट दाबलेलं. पोकळीतली हवा ओढली की रबर चामड्याला घेऊन फर्म्याला चिकटतं. प्रेसला वरचा आणि खालचा असे दोन साचे लागतात. इथे वरचा साचा हवाच होते, आणि ती प्रत्येक वळणावर काटकोनातच दाबते.

चामडं मात्र बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं हवं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं. कोमट पाण्यात भिजलं की त्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात, वाळताना नव्या जागी धरून बसतात. क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं वाळल्यावर पुन्हा सैल पडतं.

हवा ओढायला सायकलचा पंप चालतो, आणि मला खरी गंमत इथे वाटते. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. दाबताना त्याच्या कडा फुलून नळीला चिकटतात, ओढताना सैल पडून हवा बाजूने येऊ देतात. तो उलटा बसवा, पंपाच्या तोंडाशी हवा फक्त फळीकडून आत येऊ देणारी झडप लावा. पंप भरायचं सोडून ओढू लागतो. ती वाटीही ओलं चामडं साच्यात दाबूनच घडवलेली! 17व्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिकेने हवा काढलेले दोन अर्धगोल घोडे जुंपूनही सुटले नाहीत. त्यांच्या सांध्यातही चामड्याचंच कडं होतं, मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं.

निम्मी हवा काढली तरी 85 किलो मिळतात, चष्म्याच्या घराला ते पुरे. फार ओढण्यात अर्थही नाही: मे महिन्यात चाळीस अंशांवर पोकळीत सात-आठ टक्के हवेचा दाब उरला की चामड्यातलं पाणी उकळू लागतं. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर जोडणाऱ्यांनी तर मधे पाणी अडवणारी बाटली ठेवावीच, कारण वाफ त्याच्या तेलात मिसळते.

वाळवायचं सावलीत. मलकापूरच्या उन्हात घाई केली तर चामडं आक्रसतं, कडक होतं. आणि फर्म्याचं पोट तोंडापेक्षा रुंद असेल तर तो आधीच दोन तुकड्यांत करून घ्या, नाहीतर चामडं कापल्याशिवाय बाहेर निघत नाही.