‘विक्री’ म्हणजे नेमके काय?

अर्थविचार हा आम्हा भाषाशिक्षकांचा विषय. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने १८८३ साली त्याला ‘सेमांतिक’ असे नाव दिले. आता तोच शब्द संगणकवाल्यांनी उचलला आहे. ‘सिमँटिक मॉडेल’ हे त्यांचे काम म्हणजे, माझ्या मते, सरळसरळ कोशरचनाच आहे.

आता पाहा. फराळ विकणाऱ्या एका दुकानाच्या चार शाखा आहेत असे समजू. सगळ्यांची बिले ‘क्लाउड डेटा वेअरहाउस’मध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या प्रचंड कोठारात जमा होतात. (ढगात कोठार बांधायचे, ही कल्पना कोणा कवीचीच असावी!) स्नोफ्लेक, बिगक्वेरी ही अशीच कोठारे. मालक विचारतात, “विक्री किती झाली?” काउंटरवरचा माणूस आलेल्या ऑर्डरी मोजतो, हिशेबनीस हाती पडलेले पैसे मोजतो, तर गोदामवाला परत आलेले डबे वजा करून गेलेला माल मोजतो. तिघांचे तीन आकडे, आणि तिघेही खरे! पुढच्या वर्षीचे बेसन-तूप मात्र यांतल्या एकाच आकड्यावर घ्यायचे असते. म्हणून ‘विक्री’ची व्याख्या एकदाच, एका जागी लिहून ठेवायची, तिचे समानार्थी शब्द नोंदवायचे, आणि कोणते कोष्टक कोणत्या कोष्टकाला कशाने जोडायचे तेही सांगायचे.

खरी मेख या जोडण्यातच आहे. एका ऑर्डरीत चकली, लाडू आणि करंजी आहेत. घरपोच पाठवण्याचे ४० रुपये. ऑर्डरींचे कोष्टक पदार्थांच्या कोष्टकाला जोडले की तीच ऑर्डर तीन ओळींत उतरते, आणि त्या ४० रुपयांची बेरीज होते १२०! यंत्र कुरकुरत नाही. चुकीचा आकडाही मोठ्या रुबाबात पुढे करते. यासाठी पडताळणी हवी. एका दिवसाच्या बिलांची बेरीज हाताने करावी आणि मॉडेलचे उत्तर तिच्याशी ताडून पाहावे. पैचा फरक निघाला तरी पुढे जाऊ नये. स्नोफ्लेकमध्ये तर असे तपासलेले प्रश्न, त्यांच्या अचूक क्वेरीसह, मॉडेलमध्येच जपून ठेवता येतात. पुढे कोणी साध्या भाषेत प्रश्न विचारला की यंत्र त्यांचा आधार घेते.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडला, तर धंद्याला भलतीच भरभराट आली असे समजून मालक पाचवी शाखा काढून बसायचे! तेव्हा तारखांच्या कोष्टकात ‘दिवाळीला उरलेले दिवस’ असा एक रकाना हवाच, आणि तो कोणीतरी पंचांग उघडून भरावा लागतो.