नीलवंत आणि बर्डविंग: दहा वर्षांनंतर

जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मनला, म्हणजे आपल्या नीलवंताला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलंच राज्य. आकारात त्याचा नंबर सदर्न बर्डविंगच्या खालोखाल, हे तेव्हाच्या बातम्यांत आवर्जून सांगितलं गेलं आणि ही दोन नावं जोडीने घेतली जाऊ लागली. पुढे कर्नाटकाने बर्डविंगलाच आपलं राज्य फुलपाखरू केलं. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या डीडीहाटच्या गोल्डन बर्डविंगच्या पंखविस्ताराची १९४ मिलिमीटर अशी नोंद झाली आणि सदर्न बर्डविंगचा १९३२ पासूनचा १९० मिलिमीटरचा विक्रम मोडला. चर्चा मात्र मोजपट्टीपुरतीच राहिली. नीलवंत आणि सदर्न बर्डविंगमधला मोठा फरक त्यांच्या अळ्या कुठलं पान खातात, यात आहे.

नीलवंताच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं चालतात. रानात माकडलिंबू, परसात कागदी लिंबू किंवा पपनस. लहान अळी पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. म्हणूनच मूळचं रानातलं हे फुलपाखरू पुण्या-मुंबईच्या बागांतही रुळलं. काळ्या मखमली पंखांवरचा तो फिकट निळा पट्टा दिसला की माणसं हातातलं काम सोडून बघत राहतात. ओल्या मातीवर क्षार शोषत बसलेला नर तर अगदी जवळून पाहता येतो.

बर्डविंगचं तसं नाही. त्याची अळी सापसंद आणि तिच्या कुळातल्या मोजक्या वनस्पतींवरच वाढते. ही पानं विषारी. ते विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. त्यामुळे त्याला लपायची गरज नाही. मागच्या पंखांचा झगझगीत पिवळा रंग भक्षकांना लांबूनच इशारा देतो. आंबोलीसारख्या ठिकाणी ते झाडांच्या शेंड्यांवरून संथपणे तरंगत जाताना दिसतं. पण जिथे सापसंदाची वेल तुटते, तिथे त्याची पुढची पिढी वाढत नाही.

गेल्या दशकात नीलवंताला मान मिळाला, ओळख मिळाली, आणि लिंबाचं झाड तर आपण हौसेने लावतोच. बर्डविंगच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. कोकणात, घाटमाथ्यावर जमीन असलेल्यांना एवढीच विनंती: कुंपण साफ करताना सापसंदाची वेल ओळखा आणि तेवढी राहू द्या.