परप्रांतीची जमीन आणि रानकोंबडा

रायपूर आणि नागपूर या दोन शहरांत सुमारे तीनशे किलोमीटरांचे अंतर आहे. परंतु अनेक मराठी कुटुंबांच्या इतिहासात हे अंतर कधी जाणवलेच नव्हते. इ. स. १७४१ मध्ये भोसल्यांच्या फौजा छत्तीसगढात उतरल्या आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून तेथला कारभार पाहिला. त्या काळापासून मराठी कारकून, सरदार, पुरोहित आणि पुढे वकील व मालगुजार या प्रदेशात स्थायिक होत गेले. इंग्रजी अमदानीत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतातच होते. नागपूरच्या वाड्यात राहावे आणि रायपूरकडील गावाचा वसूल घ्यावा, यात कोणास काही विशेष वाटत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि एका रात्रीत घरची जमीन परराज्यातली झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाल्यावर तर त्या राज्याचे नावही बदलले.

अशा जमिनीचा वारस जेव्हा प्रथमच तेथे जातो, तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात: कागदांचे एक गाठोडे आणि आजोबांच्या शिकारीच्या कथा. पहाटे रानात आरवणारा कोंबडा, मोहाच्या झाडाखालची वाट, हाक्याचा गलका आणि खांद्यावर लटकावून आणलेले पक्षी, हे सारे त्याने ऐकलेले असते. ज्या रानावर आपल्या घराण्याची मालकी, त्यातील पाखरांवरही आपलाच हक्क, अशी त्याची सहज समजूत होते. ही समजूत किती अंशी खरी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे, कारण तीवर विसंबून टाकलेले पाऊल थेट तुरुंगापर्यंत पोहोचू शकते.

प्रथम जमिनीचा विचार करू. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ मध्ये गावाची मालकी शासनाकडे आली. मालगुजाराकडे राहिली ती त्याची घरची शेती, म्हणजे सीर व खुदकाश्त. गावचे रान, गायरान, तलाव आणि पडीत जमीन शासनाच्या स्वाधीन झाली व त्यांवर गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क राहिले. महाराष्ट्रातील माणसास सातबाऱ्याची सवय असते. छत्तीसगढात त्याने खसरा, बी-१ आणि पटवाऱ्याचा नकाशा पाहिला पाहिजे. खसऱ्यात एखाद्या क्रमांकापुढे ‘बडे झाड का जंगल’ किंवा ‘छोटे झाड का जंगल’ अशी नोंद आढळली, तर आजोबांच्या कथेतील ते रान घरचे राहिलेले नाही, हे त्याने निमूटपणे ओळखावे. कथा आणि खसरा यांत विरोध आला, तर खसराच प्रमाण मानावा लागतो.

आता पक्ष्याकडे वळू. सह्याद्रीच्या परिचयातील मनुष्य रानकोंबडा म्हटला की करड्या रंगाचा, मानेवर पिवळसर मेणासारखे ठिपके असलेला पक्षी डोळ्यांपुढे आणतो. रायपूरच्या पूर्वेस, सालाच्या अरण्यांकडे जावे तसा आढळतो तो तांबडा रानकोंबडा. हा दिसावयास गावठी कोंबड्यासारखा. परंतु त्याचे पाय पाटीसारख्या करड्या रंगाचे असतात, शेपटीच्या मुळाशी पांढरा झुपका उडताना स्पष्ट दिसतो आणि त्याचे आरवणे गावठी कोंबड्यापेक्षा आखूड, मध्येच तोडल्यासारखे असते. विणीचा हंगाम सरला की पावसाळ्याच्या सुमारास नराच्या मानेची लांब पिसे झडतात आणि तो काही काळ ओळखूही येत नाही. पानांच्या थरावर पायांनी उकरल्याच्या खुणा, धूळस्नानाचे उथळ खळगे आणि संध्याकाळी बांबूच्या बेटांतून येणारी पंखांची फडफड, एवढ्यावरून जाणता मनुष्य त्याचा ठाव सांगू शकतो. परक्याने ही विद्या गावच्या वृद्धाकडून शिकावी. ती पुस्तकातून येत नाही, आणि वारसा हक्काने तर मुळीच येत नाही.

या पक्ष्याचे महत्त्व केवळ देखणेपणात नाही. जगभर पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांचा मूळ पुरुष हाच तांबडा रानकोंबडा होय. अलीकडच्या संशोधनानुसार सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात तो माणसाच्या धान्याजवळ आला व पाळीव झाला. पाळीव कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग मात्र करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मधील अभ्यासाने दाखविले. म्हणजे सह्याद्री आणि सालाचे अरण्य यांचे नाते घराघरांतल्या खुराड्यात आधीच जुळलेले आहे! रानालगतच्या गावांतून सुटलेल्या कोंबड्यांशी संकर होऊन रानातील शुद्ध वंश मळतो, ही आजची खरी चिंता आहे. बंदुकीचा बार ऐकू तरी येतो. हा ऱ्हास ऐकूही येत नाही.

पूर्वीचे शिकारी सर्वस्वी निर्बंधमुक्त होते, असे नाही. १९१२ च्या कायद्याने रानकोंबडा, मोर, तित्तिर इत्यादी पक्ष्यांसाठी बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही संपविले. या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फासे लावणे, आमिष दाखविणे, अंडी व घरटी नष्ट करणे हेही शिकारच होय. जमीन खाजगी आहे, ही सबब चालत नाही. मारलेला किंवा मृत आढळलेला संरक्षित पक्षी शासनाची मालमत्ता ठरतो. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असलेल्या मोराच्या शिकारीस तीन ते सात वर्षांचा कारावास सांगितला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अरण्यवासीयांस अनेक परंपरागत हक्क दिले; परंतु शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्ट वगळला. ज्यांच्या पिढ्या अरण्यात गेल्या, त्यांना जे नाही, ते शहरातून आलेल्या वारसास कोठून मिळावे?

यावर कोणी अमेरिकेचे उदाहरण देईल. तेथे रानटी टर्कीची शिकार आजही विधिवत् चालते आणि परराज्यातील आप्तांच्या शेतावर जाऊन लोक ती करतात. हाच तो पक्षी, जो १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी आला आणि त्याच्या चित्रकाराने रंगविला. परंतु त्या देशातही जमिनीचा मालक पक्ष्याचा मालक नसतो. तो फक्त शेतात येण्यास अनुमती देतो. पक्षी राज्याच्या विश्वस्तपणाखाली असतो, आणि परराज्यातील पाहुण्यास त्या राज्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न तेथे वन्यजीवांच्या संवर्धनास दिले जाते. दोन देशांचे मार्ग भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे: जमीन घराण्याची असू शकते, रान सर्वांचे असते.

तेव्हा आजोबांची बंदूक बरोबर घेण्यापूर्वी वारसाने तिचा परवाना कोणाच्या नावे व कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे पाहावे; बहुधा ती घरीच ठेवणे शहाणपणाचे ठरेल. रानडुकरांनी धान तुडविले, तर वनाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करण्याचा मार्ग कायद्यात आहे. पक्षी पाहावयाचे असतील, तर १९७६ मध्ये स्थापन झालेले बारनवापारा अभयारण्य रायपूरहून फार दूर नाही. आणि स्वतःच्या शेताच्या बांधावर मोह व बांबू टिकवून ठेवले, गावठी कोंबड्या रानात मोकाट सोडल्या नाहीत, तर एखाद्या पहाटे तो आखूड आरव घरच्या जमिनीवरही ऐकू येईल. आजोबांनी सांगितलेली कथा नातवाच्या कानी खरी ठरावी, यासाठी कथेतील पक्षी जिवंत असणे ही पहिली अट होय.